मन आणि समाज एकाच मांडवात : कोल्हापुरातील आंतरराष्ट्रीय परिषदेची पार्श्वभूमी

मानसशास्त्र आणि समाजशास्त्र या दोन विषयांची मिळून आंतरराष्ट्रीय परिषद कोल्हापुरात भरते, तेव्हा माहितीपत्रकावर ही दोन नावे शेजारीशेजारी छापलेली असतात आणि ते शेजार कोणाला खटकत नाही. महाविद्यालयांत दोन्ही विषय सामाजिक शास्त्रांत मोडतात, विद्यार्थी बऱ्याचदा तेच असतात आणि संयोजन समितीही एकच असली की खर्च व धावपळ दोन्ही वाचतात. प्रत्यक्षात या दोन शास्त्रांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास सलोख्यापेक्षा हद्दीच्या वादाचा अधिक आहे. ती हद्द ज्या प्रश्नांपुढे टिकत नाही, असे काही प्रश्न मात्र याच जिल्ह्यात ठळकपणे पुढे आलेले आहेत, आणि म्हणून ही पार्श्वभूमी कोल्हापूरच्या संदर्भात सांगण्यात अर्थ आहे.

आधुनिक मानसशास्त्राचा आरंभ सामान्यतः 1879 पासून धरला जातो, कारण त्या वर्षी विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लाइपझिग येथे आपली प्रयोगशाळा सुरू केली. त्यानंतर दहाच वर्षांनी, 1889 मध्ये, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने मानसशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स आणि आनुवंशिकतेचे इंग्रज अभ्यासक फ्रान्सिस गाल्टन तिला उपस्थित होते, आणि चर्चेत संमोहन, भ्रम व आनुवंशिकता या विषयांचा भरणा होता. पुढची परिषद 1892 मध्ये लंडनला आणि त्यापुढची 1896 मध्ये म्युनिकला झाली. समाजशास्त्र थोडे मागून आले. रने वर्म्स यांनी 1893 मध्ये पॅरिसमध्ये समाजशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली आणि तिची पहिली परिषद 1894 मध्ये तेथेच घेतली. म्हणजे दोन्ही शास्त्रांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा एकाच शहरात, पाच वर्षांच्या अंतराने सुरू झाल्या; मात्र दोन्हींचे मांडव पहिल्यापासून वेगळे होते.

हे वेगळेपण केवळ संयोजकांच्या सोयीचे नव्हते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1895 मध्ये समाजशास्त्रीय पद्धतीचे नियम मांडताना स्पष्ट भूमिका घेतली की, सामाजिक वस्तुस्थितीचे, म्हणजे रूढी-कायद्यांसारख्या व्यक्तीबाहेरच्या गोष्टींचे, कारण दुसऱ्या सामाजिक वस्तुस्थितीतच शोधले पाहिजे, आणि एखाद्या सामाजिक घटनेचे स्पष्टीकरण थेट मानसिक घटनेवरून दिले जात असेल तर ते चुकीचे आहे असे खुशाल समजावे. दोन वर्षांनी त्यांनी आत्महत्येसारखी, वरवर पाहता पूर्णपणे खाजगी वाटणारी कृती हाताळली आणि तिचे प्रमाण धर्म, कुटुंब व समूहाशी असलेल्या बांधिलकीनुसार कसे बदलते हे आकडेवारीच्या आधारे दाखवले. त्यांचे प्रतिस्पर्धी गाब्रिएल तार्द हे व्यवसायाने न्यायाधीश होते. समाज म्हणजे माणसांनी एकमेकांचे केलेले अनुकरण, असे त्यांचे प्रतिपादन होते. एका मनातून दुसऱ्या मनात काय आणि कसे जाते हे कळल्याशिवाय समाज कळणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. 1903 मध्ये पॅरिसमध्ये दोघे एकाच व्यासपीठावर आले आणि त्यांचा वाद जाहीरपणे झाला. पुढच्याच वर्षी तार्द वारले. विद्यापीठांच्या पातळीवर बाजी दुर्खीम यांच्याकडे गेली आणि तार्द यांचे नाव बरीच वर्षे मागे पडले.

सामाजिक मानसशास्त्र हा मधला प्रदेशही वादाविना उभा राहिला नाही. 1908 मध्ये या विषयाची दोन इंग्रजी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध झाली. एक विल्यम मॅक्डूगल या मानसशास्त्रज्ञाचे होते आणि दुसरे एडवर्ड रॉस या समाजशास्त्रज्ञाचे. विषयाचे नाव एकच असूनही मॅक्डूगल यांचा भर माणसाच्या उपजत प्रवृत्तींवर होता, तर रॉस यांचा समूहातील प्रवाहांवर. पुढे 1946 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने दोन्ही शास्त्रांना, मानवशास्त्रासह, एकाच विभागात आणण्याचा मोठा प्रयत्न केला. समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्स आणि मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांच्यासारखी माणसे त्यामागे होती, तरीही 1972 पर्यंत तो विभाग मोडला.

भारतात ही शास्त्रे विद्यापीठांच्या मार्गाने आली. कलकत्ता विद्यापीठात 1916 मध्ये एन. एन. सेनगुप्ता यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, आणि मुंबई विद्यापीठात 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग सोपवण्यात आला. मुंबईच्या विभागाची सूत्रे 1924 मध्ये गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये मूळचे मालवणचे. केंब्रिजला त्यांनी ज्यांच्या हाताखाली संशोधन सुरू केले ते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स मुळात वैद्यक व मानसशास्त्राचे अभ्यासक होते. 1898 च्या, ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांच्यामधील टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत रिव्हर्स गेले ते तेथील लोकांची दृष्टी व इतर संवेदना मोजण्यासाठी, आणि परतले ते नातेसंबंधांच्या अभ्यासाची ओढ घेऊन. त्यानंतर निलगिरीतल्या तोडा जमातीत राहूनही त्यांनी दोन्ही प्रकारचे काम केले, आणि पहिल्या महायुद्धात धक्का बसलेल्या सैनिकांवर मानसोपचारही केले. महाराष्ट्रातील समाजशास्त्राची वंशावळ काढायची झाली तर तिच्या मुळाशी अशा रीतीने एक मानसशास्त्रज्ञ सापडतो, हे आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच सांगितले जाते. 1951 च्या डिसेंबरात घुर्ये यांच्याच पुढाकाराने मुंबईत भारतीय समाजशास्त्र परिषद स्थापन झाली.

मानसशास्त्राच्या बाजूने या परिसरात झालेले एक काम येथे नोंदवले पाहिजे. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी रूपांतर केले आणि धारवाडच्या मुलांवर ते पडताळून पाहिले. त्यासंबंधीचा त्यांचा लेख 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या शाळकरी मुलांना विचारलेला प्रश्न जसाच्या तसा इथल्या मुलाला विचारता येत नाही, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते. बिने-कामत या नावाने ही चाचणी पुढे कित्येक वर्षे वापरात राहिली.

आता कोल्हापूरकडे वळू; सुरुवात मात्र दूरवरून करावी लागते. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. जातीबाहेर विवाह न करणे हेच जातीचे मर्म आहे, ही त्या निबंधाची मुख्य मांडणी बहुतेकांना माहीत असते. त्यातला दुसरा भाग तितकासा चर्चिला जात नाही. एका वर्गाने स्वतःभोवती दार लावून घेतल्यावर बाकीच्यांनी ते का लावले, या प्रश्नाचे उत्तर देताना आंबेडकरांनी तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. अनुकरण वरून खाली झिरपते आणि अंतर जितके कमी तितके ते तीव्र होते, हे नियम त्यांनी जातींच्या उतरंडीला लावून दाखवले. सक्तीचे वैधव्य, सती आणि बालविवाह या प्रथा जातीची बंदिस्ती टिकवण्याची साधने आहेत, हेही त्यांनी तेथेच मांडले. फ्रेंच विद्यापीठांत मागे पडू लागलेली मानसशास्त्रीय अंगाची समाजमीमांसा अशा प्रकारे जातीच्या अभ्यासात आली. पुढे 1936 मध्ये जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे असे त्यांनी लिहिले, तेव्हा धागा तोच होता.

या निबंधानंतर चार वर्षांनी, मार्च 1920 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि राजर्षी शाहू महाराज तिला उपस्थित राहिले. महाराजांचा मार्ग राज्यकर्त्याचा होता. 26 जुलै 1902 च्या आदेशाने त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानाच्या नोकरीत 50 टक्के जागा राखून ठेवल्या, 1917 मध्ये विधवा पुनर्विवाहाला कायद्याचे पाठबळ दिले आणि त्याच वर्षी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली ती त्यांच्याच पाठिंब्याने. हे सगळे सामाजिक रचनेला हात घालणारे उपाय होते, आणि दुर्खीम यांच्या अनुयायालाही ते पटले असते. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाची गोष्ट मात्र वेगळ्या प्रकारची आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाने चालवलेल्या हॉटेलात महाराज स्वतः जाऊन चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यायला लावत. तेथे कोणताही कायदा नव्हता; राजाने केलेली कृती आणि ती पाहणारे लोक एवढेच होते. महाराजांनी तार्द वाचले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. अनुकरण वरून खाली येते हे राज्य चालवणाऱ्या माणसाला पुस्तकावाचून कळलेले असते.

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, मे 2022 मध्ये, शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे या गोष्टी गावात होऊ नयेत, असे त्यात म्हटले होते. लगेच हातकणंगले तालुक्यातील माणगावनेही तसाच ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सुचवले. ठराव किती गावांनी केले, त्यात पुढाकार कोणत्या गटांचा होता, विरोध कोठून आला, हे समाजशास्त्राच्या अभ्यासकाने शोधायचे प्रश्न आहेत. ठराव झाल्यावरही एखादी स्त्री हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला जायला का कचरते, तिच्या मनात भीती कोणाची असते, सासूची, गावाची की देवाची, हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांवाचून अपुरी राहतात. संयुक्त परिषद भरवण्यामागे काही सबळ कारण असेल तर ते हेच असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पंचगंगेच्या 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर घर सोडावे लागलेल्या कुटुंबांबद्दलही असेच म्हणता येईल.

परिषदांची संस्थात्मक बाजू मात्र अशा प्रश्नांपेक्षा निराळ्या कारणांनी वाढली. राजाराम महाविद्यालय 1880 पासूनचे असले तरी कोल्हापूरचे उच्च शिक्षण आधी मुंबई आणि मग पुणे विद्यापीठाशी जोडलेले होते. 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू झाले. त्यामुळे दक्षिण महाराष्ट्रातील ग्रामीण विद्यार्थ्याला पदव्युत्तर शिक्षण घराजवळ मिळू लागले आणि सामाजिक शास्त्रांतील संशोधनासाठी आसपासची गावेच क्षेत्र बनली. जागतिक पातळीवर या काळात परिषदांची घडी बसलेली होती. युनेस्कोच्या पुढाकाराने 1949 मध्ये ऑस्लो येथे आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संघटना स्थापन झाली होती, तर मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाची स्थापना 1951 मध्ये स्टॉकहोमला झाली होती. मानसशास्त्राची जागतिक परिषद 1972 मध्ये टोकियोत, म्हणजे पहिल्यांदाच आशियात आली, आणि समाजशास्त्राची 1986 मध्ये नवी दिल्लीला झाली. तोवर जिल्ह्याच्या ठिकाणचा प्राध्यापक आंतरराष्ट्रीय परिषदेला जाणे ही अपवादाची गोष्ट होती.

चित्र पालटले ते 2010 नंतर. त्या वर्षीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली, जिला सगळे ‘एपीआय’ (शैक्षणिक कामगिरी निर्देशांक) म्हणून ओळखत. आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचल्यास 10, राष्ट्रीय परिषदेत 7.5 आणि राज्य पातळीवरील परिषदेत 5 गुण असा हिशेब होता. त्यात ‘नॅक’ या महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकनाची भर पडली, कारण महाविद्यालयाने किती परिषदा घेतल्या याचीही तेथे दखल घेतली जाते. 2016 च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी परिषदांमध्ये दोन निबंध वाचणे आवश्यक केले; ही सक्ती 2022 च्या नियमांत उरली नाही. या काळात ‘आंतरराष्ट्रीय’ हे बिरूद फार स्वस्त झाले, हे मान्य करावे लागते. परदेशातील एक-दोन वक्ते पाहुणे म्हणून आले की ते लावता येई, आणि 2020 नंतर तर ते पडद्यावर दिसले तरी चालू लागले. तरीही या परिषदांनी एक गोष्ट साधली, ती अशी की, पुण्या-मुंबईच्या व्यासपीठांवर ज्यांना संधी मिळाली नसती अशा तालुक्याच्या महाविद्यालयांतील अध्यापकांना व संशोधक विद्यार्थ्यांना आपले काम मांडण्याची सवय लागली.

संयुक्त परिषदांची खरी अडचण वेळापत्रकात असते. उद्घाटन, बीजभाषण आणि समारोप एकत्र होतात, पण निबंधवाचनाची सत्रे विषयवार वेगळ्या दालनांत लावली जातात. चाचण्या व प्रश्नावल्यांवर आधारलेले निबंध एकीकडे आणि गावपाहणी व मुलाखतींवर आधारलेले दुसरीकडे अशी वाटणी होते, त्यामुळे हेरवाडसारख्या विषयावरचे दोन निबंध एकाच दिवशी वाचले गेले तरी लेखकांची गाठ जेवणाच्या रांगेतच पडण्याची शक्यता जास्त. भाषेचा पेच आणखी निराळा आहे. निबंध इंग्रजी, हिंदी आणि मराठीत स्वीकारले जातात. मूळ मुलाखती कोल्हापुरी बोलीत झालेल्या असतात, प्रश्नावली बहुधा इंग्रजीतून भाषांतर केलेली असते, आणि निष्कर्ष पुन्हा इंग्रजीत मांडले जातात. कामतांनी हाती घेतलेले काम, म्हणजे साधनच इथल्या माणसांवर पडताळून पाहण्याचे, यात अनेकदा राहून जाते. प्रश्नावली गावातल्या दहा-वीस माणसांपुढे वाचून, त्यांना अडलेले शब्द बदलून मगच वापरली काय, एवढी विचारणा निबंध निवडणाऱ्या समितीने सुरुवातीलाच केली, तर सत्रातील बरीचशी चर्चा आकड्यांवरून हटून आशयाकडे येईल.