खुब्याच्या अस्थिभंगातील नेलिंग

उतारवयात खुब्याजवळ मोडलेले मांडीचे हाड स्थिर करण्यासाठी त्याच्या पोकळीत धातूची सळई बसवण्याची शस्त्रक्रिया. बोलण्यात ‘रॉड टाकला’ असे म्हणतात.

कारण बहुधा साधे असते : रात्री बाथरूमला उठताना तोल जातो. मोडलेला पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला कललेले असते. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला खुब्याच्या खोबणीत बसणारा चेंडू असतो, त्याखालचा निमुळता भाग म्हणजे हाडाची मान. हाड या मानेत मोडून सरकले, तर चेंडूचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते. म्हणून वृद्धांमध्ये सहसा चेंडूच बदलतात. मानेखालच्या ट्रोकँटर भागात रक्तपुरवठा भरपूर असल्याने हाड सहज जुळून येते. नेलिंग मुख्यतः या भागासाठी आहे.

मांडीच्या हाडात सळई घालण्याची पद्धत गेरहार्ड क्युंचर यांनी १९३९ मध्ये जर्मनीतील कील येथे सुरू केली. खुब्यासाठीची ‘गॅमा नेल’ १९८०च्या दशकात आली, ‘पीएफएन’ (प्रॉक्झिमल फेमोरल नेल) ही तशीच सळई त्यानंतर.

बहुधा कमरेत भूल देऊन पाय खास टेबलावर ताणतात आणि सी-आर्म या चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर पाहत तुकडे जागेवर आणतात. हे आधीच नीट साधावे लागते. वाकडे राहिलेले हाड सळईने आपोआप सरळ होत नाही. मग खुब्याच्या वर काही सेंटिमीटरचा छेद घेऊन सळई आत सरकवतात आणि तिच्यातून एक जाड स्क्रू चेंडूत नेतात. खरे कसब इथे आहे. स्क्रूचे टोक चेंडूच्या शिखरापासून किती दूर आहे, हे समोरून व बाजूने घेतलेल्या एक्स-रेवर मोजतात. दोन्ही अंतरांची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असावी लागते. ती वाढली, की ठिसूळ हाडातून स्क्रू चेंडू फाडून बाहेर येण्याचा धोका वाढतो.

‘एवढ्या वयात ऑपरेशन कशाला?’ हा नातेवाइकांचा प्रश्न मायेपोटी असतो. पण ऑपरेशन टाळले, तर आजी-आजोबांना कित्येक आठवडे वेदना सोसत खाटेवर पडून राहावे लागते. त्यातून न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून रक्तदाब, साखर पाहून शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया उरकतात आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करतात.

टाके निघाले, की मूळ आजाराचा, हाडांच्या ठिसूळपणाचा, अनेकदा विसर पडतो. कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाबरोबर झोलेड्रॉनिक आम्लासारखे औषध सुरू झाले नाही, तर दुसरा खुबाही मोडू शकतो.