जकार्ड आणि डॉबी : एक नाव कारागिराचं, एक पोराचं

सोलापुरात चादरीच्या दुकानात ‘जकार्ड दाखवा’ म्हटलं की समोर मोराची किंवा वेलबुट्टीची चादर उलगडली जाते. शेजारच्या ढिगातला बारीक शंकरपाळी नक्षीच्या पट्ट्याचा टॉवेलही पुष्कळदा ‘जकार्ड’ म्हणूनच विकला जातो, पण ती पट्टी बहुतेक वेळा डॉबीची असते. दोन्हीकडे नक्षी छापलेली नसून विणतानाच उमटलेली असते, म्हणून घोळ होतो. खालचा माग तोच असतो. कोणते उभे धागे कधी उचलायचे, हे ठरवणारं यंत्र मात्र वेगळं.

दोन्ही नावांच्या मागे एकच जुनं काम आहे. पूर्वी मोठ्या नक्षीचं कापड दोन माणसं मिळून विणायची. विणकर आडवा धागा नेणारा धोटा फेकायचा आणि त्याचा मदतनीस, बहुधा एखादा पोरगा, प्रत्येक आडव्या धाग्याआधी दोऱ्यांचे ठरावीक जुडगे ओढून उभे धागे वर धरायचा. बनारसला याच पद्धतीला जाला म्हणतात. वजन मोठं, दिवस लांब, आणि एक दोरी चुकली की नक्षी बिघडली. इंग्रजीत या पोराला ‘ड्रॉ बॉय’, म्हणजे ओढणारा पोर, म्हणत. ‘डॉबी’ हा त्याचाच अपभ्रंश मानला जातो.

जकार्ड हे मात्र माणसाचं आडनाव आहे. जोसेफ मारी जकार्ड (1752–1834) हा फ्रान्समधल्या लियाँ या रेशमाच्या शहरातला. छिद्रांच्या कागदाने माग चालवायची कल्पना त्याच्या आधीची. लियाँच्याच बुशाँ नावाच्या कारागिराने 1725 मध्ये ती वापरली होती. जकार्डने आधीच्यांचे प्रयत्न जुळवून 1804 च्या सुमारास कारखान्यात टिकेल असं यंत्र उभं केलं आणि ओढणाऱ्या पोराची गरज संपवली. डॉबी आली त्यानंतर जवळपास 40 वर्षांनी, लहान नक्षीसाठी स्वस्त सोय म्हणून.

डॉबीत उभे धागे चौकटींमध्ये, म्हणजे शाफ्टमध्ये, वाटून ओवलेले असतात. एका शाफ्टमधले शेकडो धागे एकदमच वर जातात. कोणता शाफ्ट उचलायचा हे लाकडी पट्ट्यांवर ठोकलेल्या खुंट्या सांगतात. समजा 16 शाफ्ट आहेत आणि इंचात 40 उभे धागे. ओवणी सरळ असेल तर 16 धाग्यांनंतर, म्हणजे अर्ध्या इंचाच्याही आत, नक्षी पुन्हा सुरू होते. ओवणी उलटसुलट केली, म्हणजे 1 ते 16 आणि मग 15 ते 2 अशी, तर 30 धागे मिळतात, म्हणजे पाऊण इंच. म्हणून डॉबीवर शंकरपाळी, ठिपके, मधाच्या पोळ्यासारखी जाळी, टॉवेलची पट्टी हे सगळं निघतं. मोर निघत नाही.

जकार्डमध्ये शाफ्टऐवजी हुक असतात. 400 हुकांच्या यंत्रावर नक्षीतला प्रत्येक धागा स्वतंत्र उचलता येतो. इंचाला तेच 40 धागे धरले तर सलग 10 इंच रुंद नक्षी बसते. मोर त्यात पिसाऱ्यासकट मावतो. प्रत्येक आडव्या धाग्याला पुठ्ठ्याचा एक पत्ता. छिद्र असेल तिथे सुई आत शिरते, हुक वरच्या पात्यात अडकलेला राहतो आणि धागा उचलला जातो. छिद्र नसेल तर सुई मागे ढकलली जाते, हुक सुटतो, धागा खालीच राहतो. नक्षी 500 आडव्या धाग्यांची असेल तर पत्तेही 500, क्रमाने दोरीने शिवलेले. 1839 मध्ये लियाँला जकार्डचंच चित्र रेशमात विणलं, त्याला सुमारे 24,000 पत्ते लागले. त्याची एक प्रत इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजकडे होती आणि आपल्या गणितयंत्रासाठी त्यानेही छिद्रांचे पत्तेच योजले. 1890 च्या अमेरिकी जनगणनेत हॉलेरिथ या संशोधकाने अशाच पत्त्यांवर मोजणी केली. आज सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक जकार्ड दिसलं तर लक्षात ठेवा : मागाने संगणकाला जे उसनं दिलं, तेच फाइल होऊन मागाकडे परत आलं आहे.

कापडातला दोषही यंत्राची ओळख देतो. डॉबीत एक खुंटी गळाली की पूर्ण शाफ्ट चुकतो. चूक कापडाच्या रुंदीभर आडवी पसरते आणि नक्षीच्या प्रत्येक फेरीत परत येते. जकार्डमध्ये एक हुक बिघडला तर उभी रेघ पडते, तीही ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा, कारण नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीतला तोच धागा त्या हुकाला बांधलेला असतो. रेघ एकच असेल तर दोष हुकाचा नाही. एखादी दोरी तुटली असेल किंवा धागा चुकीचा ओवला असेल. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना पावसाळा बाधतो. पुठ्ठा ओल धरून फुगला की छिद्र सुईसमोर नीट येत नाही आणि नक्षीत भलतेच ठिपके उमटतात.

दुकानात वेळ कमी असेल तर चादरीचा कोपरा बघा. तिथे विणलेली अक्षरं असतील तर ते काम जकार्डचं; डॉबीच्या शाफ्टांना एवढी वळणं जमत नाहीत. मग चादर उलटी करा. चांगल्या सोलापुरी चादरीत तोच मोर मागच्या बाजूलाही दिसतो, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते.