वीटभट्टीची उचल आणि मुक्तता प्रमाणपत्र : ठाणे जिल्ह्यात अर्ज कुठे, कसा करायचा

दिवाळी सरली की शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. पावसाळ्यात हाताला काम नसताना घेतलेली उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, फेडायला अख्खे कुटुंब भट्टीवर जाते. कच्च्या विटा रचून वर प्लास्टिक टाकलेल्या खोपटात राहते. बाजाराच्या दिवशी आठवड्याच्या खर्चापुरती ‘खर्ची’ मिळते, हिशोब मात्र थेट मे-जूनमध्ये. तेव्हा उचल आणि खर्ची मिळून विटांच्या मजुरीच्या वर जाते आणि उरलेली ‘बाकी’ पुढच्या हंगामावर चढते. शेतावर किंवा फार्महाऊसवर ठेवलेल्या गड्याचेही तेच. अशा वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद म्हणजे मुक्तता प्रमाणपत्र, आणि ते मिळवायला अर्ज करावा लागतो.

नुसती उचल घेतली म्हणून कोणी वेठबिगार (कायद्याच्या भाषेत बंधबिगार) ठरत नाही. बंधबिगार पद्धत (उच्चाटन) अधिनियम, १९७६ चार गोष्टी पाहतो. उचलीपोटी फुकट किंवा नाममात्र मजुरीत राबावे लागते का, दुसरीकडे कामाला जाण्याची मुभा गेली आहे का, हिंडण्या-फिरण्यावर बंदी आहे का, आपले श्रम किंवा माल बाजारभावाने विकता येत नाही का. यातली एक गोष्ट लागू झाली तरी पुरे. मारहाण, कुलूप, पहारा हे सगळे असलेच पाहिजे असे नाही, आणि चौकशीला आलेले अधिकारी नेमके तेच शोधत बसतात. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम हे सक्तीचे काम, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले आहे. म्हणून अर्जाआधी हिशोब मांडून पाहावा. समजा हजार विटांना ८०० रुपये दर आहे आणि नवरा-बायको मिळून दिवसाला हजार विटा पाडतात, तर माणशी ४०० पडले. माती मळणारा मुलगा किंवा सासू धरली तर आणखी कमी. ही रक्कम लागू असलेल्या किमान वेतनाशी ताडून पाहा.

अर्ज काम जिथे आहे तिथे करायचा, मजुराच्या गावी नव्हे. ठाणे जिल्ह्यात तो जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा त्या भागाच्या प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जातो. शहापूरची भट्टी असेल तर भिवंडी प्रांत, मुरबाडची असेल तर कल्याण प्रांत. नवी मुंबईकडचे लोक इथे हमखास चुकतात : बेलापूर, घणसोली, दिघा ठाणे तालुक्यात, पण पनवेल-उरणची भट्टी रायगडात, तिचा अर्ज रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, अलिबागला. वाडा आणि वसई १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.

छापील नमुना लागत नाही, साधा कागद चालतो. अर्ज मजुरानेच द्यायला पाहिजे असेही नाही. नातेवाईक किंवा संघटनाही अर्ज देऊ शकते, आणि मालकाच्या आवारातून बाहेर पडता येत नसेल तर तेच बरे. कागदावर भट्टीचे नेमके ठिकाण, मालक व मुकादमाचे नाव, उचल किती आणि कधी घेतली, कामाचे तास, आठवड्याची खर्ची लिहा. प्रत्येक मजुराचे नाव आणि वय वेगळे लिहा, बायका-मुलांसह. ‘अमुक व कुटुंब’ लिहिले की पुढे प्रमाणपत्र एकट्या नवऱ्याच्या नावावर निघते आणि बाईची रक्कम जागीच बुडते. एक प्रत पोलीस ठाण्यात द्या. दोन्हीकडे आवक शिक्का घ्यायला विसरू नका.

कागदपत्रे नाहीत म्हणून अर्ज अडवता येत नाही. हे कर्ज बंधबिगारीचे नव्हते हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १५ प्रमाणे मालकावर आहे. असेल ते मात्र जोडा : खर्चीची वही, उचल फोनवरून पाठवली असेल तर त्याचा मेसेज, खोपटाचे फोटो. आधार किंवा रेशनकार्ड मालकाने ठेवून घेतले असेल तर तसे अर्जातच लिहा. तो पुरावाच आहे.

सगळा अर्ज उभा राहतो किंवा पडतो तो जबाबावर. जागेवर चौकशी होते तेव्हा मालक, मुकादम शेजारी उभे असतात आणि मजूर म्हणतो, “काय त्रास नाय.” जबाब भट्टीपासून दूर, एकेकाचा, मालकाच्या गैरहजेरीत घ्यावा अशी मागणी अर्जातच लिहून ठेवा. दुसरा फटका ‘हिशोबाचा वाद’ म्हणून अदखलपात्र नोंद करण्याचा. या कायद्याखालचे गुन्हे कलम २२ नुसार दखलपात्र आहेत. कलम १६ ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत. हा दंड आज मालकाला एका खेपेच्या भाड्याइतकाही जड नाही. त्यामुळे भारतीय न्याय संहितेचे कलम १४६ (बेकायदा सक्तीची मजुरी) आणि मजूर आदिवासी किंवा दलित असून मालक त्या समाजांबाहेरचा असेल तर अॅट्रॉसिटीचे वेठबिगारीविषयीचे कलम ३(१)(ह) लावण्याचा आग्रह धरा. आणि तडजोड नको. मालक “बाकी सोडली, घरी जा” म्हणतो तेव्हा मजूर सुटतो, पण प्रमाणपत्राविना, म्हणजे सरकारी पैशाविना. कर्ज तर कलम ६ ने आधीच संपलेले असते. ते वसूल करणे कलम ९ खाली गुन्हा आहे.

प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय गावी जाऊ नये. त्यावरचे नाव बँक खात्याशी जुळते का, सही-शिक्का आहे का, तिथेच पाहावे. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत सुटका झालेल्या प्रत्येकाला ३० हजारांपर्यंतची तातडीची मदत आहे आणि ती मालकाला शिक्षा होण्यावर अवलंबून नाही. जिल्ह्याच्या कायम निधीतून ती द्यायची असते, तरी स्वतःहून कोणी खात्यात टाकेल ही आशा नको. प्रमाणपत्राची प्रत जोडून वेगळा अर्ज द्या. पुढची रक्कम प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व योजनेतल्या विशेष गटातल्या मुलांना २ लाख, आणि देहविक्री, मानवी तस्करी यांसारख्या टोकाच्या प्रकरणांत ३ लाख. २ लाखांतले किमान सव्वा लाख ठेवीत जातात, ७५ हजार खात्यात. ही रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली असल्याने वर्षे लागतात. बंद पडलेले जनधन खाते आधीच केवायसी करून चालू करून घ्या.

अर्ज एकट्याने नेण्यापेक्षा एका भट्टीवरच्या सगळ्या कुटुंबांनी मिळून न्यावा. ठाणे-पालघर पट्ट्यात १९८२ पासून उभ्या राहिलेल्या श्रमजीवी संघटनेचे बळ अशाच सामूहिक अर्जांतून वाढले. वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. वेठबिगारीच्या पीडिताला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. भट्टीवर मुले राबत असतील तर १०९८.