वादळात खिडक्या उघडल्याने छप्पर वाचत नाही

वादळ येताना खिडक्या उघड्या ठेवल्या की आतला-बाहेरचा दाब समान राहून छप्पर उडत नाही, हा वर्षानुवर्षे सांगितला जाणारा समज चुकीचा आणि जिवावर बेतणारा आहे. घराला इतक्या फटी असतात की दाबातला फरक आपोआप भरून निघतो. नुकसान करतो तो वारा. गडगडाटी ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर वेगाने पसरते, आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. असा वारा उघड्या खिडकीतून शिरला, की बाहेरून वर ओढले जाणारे छप्पर आतूनही ढकलले जाते. कडेचा एखादा खिळा सैल होतो आणि बघता बघता अख्खा पत्रा सुटतो. शिवाय खिडकी उघडायला गेलेला माणूस नेमका फुटणाऱ्या काचेसमोर उभा असतो. म्हणून खिडक्या आणि आतली दारेही आधीच लावून काचांपासून दूरच्या खोलीत थांबावे.