इल्कली

इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशर परगण्यातील व्हार्फ नदीकाठचे, थंड पाण्याच्या उपचारांसाठी एकेकाळी प्रसिद्ध असलेले गाव. ते लीड्सच्या वायव्येस सुमारे २५ किमी. अंतरावर असून, लीड्स व ब्रॅडफर्ड या दोन्ही शहरांशी लोहमार्गाने जोडलेले आहे (१८६५ पासून). गावाच्या दक्षिणेस लगेचच इल्कली मूर हा हेदर झुडपांचा व दलदलीचा उघडा माळ चढत जातो. रॉम्बल्ड्स मूर या विस्तीर्ण पठाराचा तो भाग असून पठाराची कमाल उंची ४०२ मी. आहे.

गावाच्या प्राचीन नावाविषयी विद्वानांत एकमत नाही. येथे इ. स. ८० च्या सुमारास रोमनांनी प्रथम लाकडी व पुढे दगडी किल्ला बांधला, असे सामान्यतः मानतात. ग्रीक भूगोलवेत्ता टॉलेमीने दुसऱ्या शतकात ब्रिगँटीझ या जमातीच्या प्रदेशात नोंदविलेले ओलिकाना हे ठिकाण ते हेच, असे इंग्लिश इतिहासकार विल्यम कॅम्डेन याने सोळाव्या शतकात प्रतिपादन केले आणि नावांतील वरवरच्या साम्यामुळे ते मत दीर्घकाळ रूढ राहिले. आजही ते स्थानिक वाङ्मयात आढळते. तथापि इल्कली हे नाव जुन्या इंग्रजीतील दिसते. त्याच्या शेवटच्या पदाचा अर्थ रानातील मोकळी जागा असा आहे आणि ओलिकानापासून ते ध्वनिपरिवर्तनाने सिद्ध करणे अवघड जाते. येथे मिळालेली एक वेदी रोमन सैन्यातील, लिंगोनीझ या गॉलमधील जमातीच्या दुसऱ्या पथकाचा अधिकारी क्लोडिअस फ्राँटो याने व्हर्बिआ या देवतेस अर्पण केलेली आहे. व्हर्बिआ ही व्हार्फ नदीचीच देवता असावी. रिव्हेट व स्मिथ या संशोधकांनी १९७९ मध्ये किल्ल्याचे नावही व्हर्बिआच असावे आणि ओलिकाना पश्चिमेकडील एल्स्लॅक येथे शोधावे, असे सुचविले. उपलब्ध पुराव्याशी हे मत अधिक जुळते. ऑल सेंट्स चर्च किल्ल्याच्या जागेवरच उभे असून तेथे दोन सर्प धरलेल्या स्त्रीचे शिल्प व तीन अँग्लो-सॅक्सन क्रूस जतन केले आहेत.

इल्कलीच्या पाण्याची ख्याती खनिजांवर आधारलेली नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इंग्लंडमधीलच बाथचे पाणी उष्ण आहे, हॅरोगेटचे गंधकयुक्त. इल्कलीचे मात्र केवळ अतिशय थंड व निर्मळ. माळाच्या उतारावरील व्हाइट वेल्स या पांढऱ्या इमारतीतील स्नानकुंडे अठराव्या शतकातील आहेत. या थंडपणालाच पुढे उपचारपद्धतीचे अधिष्ठान मिळाले. मध्य यूरोपातील सायलीशियामधील ग्रेफेनबर्ग येथे व्हिन्सेंट प्रीस्निट्झ याने रूढ केलेली जलचिकित्सा हेमर स्टॅन्सफेल्ड या लीड्सच्या माजी महापौराने अनुभवली आणि १८४४ मध्ये गावालगत बेन रिडिंग हे जलोपचारगृह सुरू झाले. रुग्णास ओल्या चादरीत गुंडाळणे, थंड पाण्यात बुडविणे किंवा बसविणे, भरपूर पाणी पाजणे आणि माळावर चालावयास लावणे, असा दिनक्रम असे. त्यातील नेमका कशाचा गुण येई, हे सांगणे कठीण, परंतु मोकळ्या हवेतील चालण्याचा वाटा थोडा नसावा. लीड्स टाउन हॉलचा वास्तुविशारद कथबर्ट ब्रॉड्रिक याने रचलेले वेल्स हाउस १८५६ मध्ये उघडले. चार्ल्स डार्विन १८५९ च्या ऑक्टोबरपासून तेथे उपचार घेत होता आणि त्याचा सजीवांच्या जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ २४ नोव्हेंबरला प्रसिद्ध झाला, तेव्हा तो इल्कलीतच होता. विसाव्या शतकात ही चिकित्सा मागे पडली.

माळाचा खडक मुख्यतः मिलस्टोन ग्रिट हा भरड वालुकाश्म आहे. काउ अँड काफ (गाय व वासरू) हे त्याचे मोठे सुळके असून, रॉम्बल्ड नावाच्या राक्षसाच्या पायाच्या धक्क्याने वासरू गाईपासून सुटले, अशी दंतकथा आहे. ट्वेल्व्ह अपॉसल्स हे शिलावर्तुळ बहुधा ब्राँझयुगीन आहे. वाटीसारखे खळगे व वर्तुळे कोरलेल्या शिला पठारावर शेकड्यांनी आढळतात. भारतीय वाचकाचे लक्ष स्वस्तिक शिलेकडे साहजिकच जाईल. तिच्यावरील वक्र भुजांची आकृती उत्तर इटलीतील व्हाल कामोनिका येथील शिलाचित्रांशी मिळतीजुळती आहे. तिचा काळ काही अभ्यासक ब्राँझयुगात, तर काही लोहयुगात धरतात. तिचा भारतीय स्वस्तिकाशी संबंध जोडण्यास आधार नाही. मूळ आकृती झिजलेली असल्याने जवळच कोरलेली ठळक प्रतिकृतीच पुष्कळांच्या छायाचित्रांत येते.

स्थानकापासून व्हाइट वेल्सपर्यंत चढणीची पायवाट आहे. तेथील ध्वज फडकत असल्यास इमारत उघडी असल्याचे समजावे. ऑगस्टमध्ये हेदर जांभळे फुलते. वारा मात्र बारमाही बोचरा असतो आणि टोपीविना या माळावर गेलेल्या प्रियकराची थट्टा करणारे बोलीगीत यॉर्कशरचे अनधिकृत गीत मानले जाते. विंडरमिअर सरोवराकडे जाणारा सुमारे १३० किमी. लांबीचा डेल्स वे हा पदभ्रमणमार्ग येथूनच निघतो. २०२० च्या अखेरीस व्हार्फच्या येथील पात्रास स्नानजलाचा अधिकृत दर्जा मिळाला. इंग्लंडमधील नदीस असा दर्जा प्रथमच देण्यात आला. त्यानंतरच्या तपासण्यांत पाण्याची प्रत निकृष्ट ठरली.