आधारगटाने आयुष्य वाढतं का?

कॅन्सर झालेल्या माणसाची घरचे कितीही काळजी घेवोत, मरणाची भीती तो त्यांच्यापाशी बोलत नाही. ऐकून ते खचतील म्हणून तो गप्प, त्याला वाईट वाटेल म्हणून तेही गप्प. आधारगटात, म्हणजे त्याच आजाराचे रुग्ण एकत्र बसून मोकळेपणाने बोलतात त्या गटात, ही कोंडी फुटते. पुढच्या स्कॅनआधी समोरच्याचीही झोप उडालेली असते, त्यामुळे त्याच्याशी सांभाळून बोलावं लागत नाही.

स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या ५० जणींसाठी वर्षभर दर आठवड्याला दीड तासाची गटबैठक होती. त्यांची चिंता आणि उदासी घटली, वेदनाही कमी जाणवू लागल्या (वेदनेसाठी त्यांना स्वसंमोहनही शिकवलं होतं). पुढे १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पीगेल यांनी मांडलेले आकडे पाहून सगळेच चकित झाले: गटातल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, उरलेल्या १८.९ महिने.

ही आशा टिकली नाही. २००१ मध्ये कॅनडातल्या २३५ स्त्रियांच्या अभ्यासात आयुर्मानात फरक दिसला नाही. २००७ मध्ये खुद्द स्पीगेल यांच्या नव्या अभ्यासातही एकंदरीत तेच आढळलं आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे छापलं. मनाला मिळणारा आधार मात्र खरा ठरला. कॅनडातही गटातल्या स्त्रियांचं मन सावरलं, वेदनेचा जाच कमी झाला. आणि सुरुवातीला ज्या जास्त खचल्या होत्या, त्यांना जास्त फायदा झाला.

माझ्या मते एवढं पुरेसं आहे. गटाने आयुष्य वाढतं असं सांगत राहिलो, तर ज्याचा आजार बळावतो त्याला वाटतं, आपणच मनाने कमी पडलो. हे ओझं फार क्रूर आहे.

गटात आणखी एक गोष्ट घडते. महिनोन्‌महिने दुसऱ्यांकडून सेवा घेणाऱ्याला तिथे कुणाच्या तरी उपयोगी पडता येतं. पहिल्या केमोआधी घाबरलेल्या नवख्याला धीर देताना त्याचं स्वतःचं मनही उभारी धरतं.

पण सरसकट सगळ्यांनाच गटात पाठवू नये. मानसशास्त्रज्ञ विकी हेल्गेसन यांना असं आढळलं, की आपसांतल्या चर्चेच्या गटांचा फायदा स्तनाचा कॅन्सर झालेल्या, पण जवळच्यांचा आधार नसलेल्या स्त्रियांना झाला. ज्यांना तो भरपूर होता, त्यांच्या बाबतीत उलटा परिणाम दिसला. म्हणून गट सुचवण्याआधी रुग्णाला विचारावं, मनातलं बोलायला तुम्हाला कोण आहे?