२२ ऑक्टोबर १८४४ ची पार्श्वभूमी: दानीएलातलं एक वचन आणि त्यातले तीन शब्द

प्रभू येशूच्या दुसऱ्या येण्याची तारीख सांगणारे दर काही वर्षांनी पुढे येतात, सप्टेंबर २०२५ मध्ये पण सोशल मीडियावर तेच झालं, आणि दरवेळी चर्चा फक्त तारीख चुकली एवढ्यावरच थांबते. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की मुळात तारीख येते कुठून. बायबलमध्ये ती लिहिलेली नाही, उलट मत्तय २४ मध्ये येशू स्वतः सांगतो की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही. तारीख काढली जाते ती शब्दांना अर्थ लावून. हे कसं होतं ते सगळ्यात स्पष्ट दिसतं अमेरिकेतल्या १८४४ च्या प्रसंगात, हजारो लोक २२ ऑक्टोबरला येशूची वाट बघत बसले आणि तो आला नाही, त्याला तिथल्या इतिहासात 'महानिराशा' म्हणतात.

विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचा शेतकरी, जन्म १७८२ चा. तरुणपणी त्याचं मत असं की देव आहे पण तो माणसाच्या आयुष्यात लक्ष घालत नाही. मग १८१२ चं युद्ध आलं, हा सैन्यात कॅप्टन, १८१४ ची प्लॅट्सबर्गची लढाई त्याने जवळून पाहिली, आणि घरी परतल्यावर मरणाच्या विचाराने त्याला सोडलं नाही. १८१६ च्या सुमारास तो विश्वासात आला आणि बायबल पहिल्या पानापासून वाचायला बसला. जवळ भाष्यग्रंथ नाहीत, हिब्रू-ग्रीक येत नाही, फक्त इंग्रजीतलं १६११ चं किंग जेम्स भाषांतर आणि क्रूडनची शब्दसूची, म्हणजे कुठला शब्द बायबलमध्ये कुठे आलाय त्याची यादी. एखादा शब्द अडला की तो बायबलमध्ये आणखी कुठे कुठे आलाय ते शोधायचं आणि त्यावरून अर्थ ठरवायचा, ही त्याची पद्धत. प्रामाणिक पद्धत आहे ही, मी तिला कमी लेखणार नाही, साध्या माणसाला शास्त्र स्वतः वाचता यावं हा प्रॉटेस्टंट मंडळींचा आग्रहच होता. पण शब्दसूची इंग्रजी शब्दांची होती, मूळ हिब्रू शब्दांची नाही, आणि पुढचं सगळं इथूनच ठरलं.

तो अडकला बायबलच्या जुन्या करारातल्या दानीएल या पुस्तकाच्या ८:१४ या वचनावर. दोन हजार तीनशे संध्याकाळ-सकाळ होतील आणि मग पवित्रस्थान शुद्ध होईल, असा त्याचा आशय. किंग जेम्समध्ये 'संध्याकाळ-सकाळ' च्या जागी सरळ 'दिवस' आहे. आता जुन्या करारातल्याच गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ मध्ये एक दिवस म्हणजे एक वर्ष असा हिशोब येतो, तो भविष्यवाणीला लावायची रीत मिलरच्या खूप आधीपासून चालत आलेली होती, म्हणजे २३०० दिवसांची २३०० वर्षं झाली. सुरुवात कुठून धरायची? तर एज्रा ७ मधली पर्शियाच्या अर्तहशश्त राजाची आज्ञा, इ.स.पू. ४५७. तिथून मोजलं की १८४३ येतं. दानीएल ९ मधले सत्तर आठवडे म्हणजे ४९० वर्षं, ती पण ४५७ पासून मोजली की इ.स. ३३ येतं, मिलर येशूच्या वधस्तंभाचं वर्ष तेच धरायचा, त्यामुळे त्याला खात्रीच पटली. आणि पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी, ती अग्नीने शुद्ध होणार, म्हणजेच ख्रिस्त येणार. १८१८ मध्ये तो या निष्कर्षाला आला आणि मग तेरा वर्षं चारचौघांत बोललाच नाही. पहिलं प्रवचन १८३१ मध्ये, ड्रेस्डेन नावाच्या छोट्या गावात.

लोकांना हे पटलं कसं हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तर त्या पिढीच्या डोळ्यासमोर काय काय घडलं होतं ते बघा. १७८० मध्ये न्यू इंग्लंडमध्ये भरदिवसा अंधार पडला होता, १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने पोपला कैद केलं, आणि १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटे अमेरिकेच्या आकाशातून उल्कांचा असा पाऊस पडला की शेकडो मैलांवरची माणसं अंगणात येऊन प्रार्थना करत होती. सूर्य काळा होईल, तारे पडतील हे मत्तय २४ मध्ये वाचलेलंच होतं. शिवाय अशी गणितं फक्त अमेरिकेत चालू नव्हती, जोसेफ वुल्फ नावाचा मिशनरी १८४७ साल धरून आशियाभर फिरत होता आणि त्या प्रवासात तो मुंबईलाही येऊन गेला. अमेरिकेत बोस्टनचा पाळक जोशुआ हाइम्स मिलरला येऊन मिळाला आणि चळवळीचं रूपच बदललं, साप्ताहिकं निघाली, पत्रकं वाटली गेली, प्रचंड मोठा तंबू गावोगाव फिरायला लागला, आणि दानीएलातली जनावरं नि आकडे रंगवलेले कापडी तक्ते सभेत टांगले जायचे. अनुयायी पन्नास हजार ते एक लाख असावेत असा अंदाज साधारण दिला जातो.

मिलरने २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ अशी मुदत सांगितली होती, ती गेली. मग लक्षात आलं की इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही, म्हणजे २३०० वर्षं १८४४ मध्येच पुरी होतात. त्या ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशरमधल्या एक्झेटरच्या शिबिरात चळवळीतलाच प्रचारक सॅम्युअल स्नो उभा राहिला आणि म्हणाला, पवित्रस्थान शुद्ध व्हायचा दिवस तर लेवीय १६ मध्ये दिलेलाच आहे, सातव्या महिन्याचा दहावा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस. कराईट या यहुदी पंथाच्या कॅलेंडरप्रमाणे तो त्या वर्षी २२ ऑक्टोबरला येत होता. मिलरने स्वतः ही तारीख अगदी शेवटी, ऑक्टोबरमध्ये मान्य केली. काही शेतकऱ्यांनी पीक काढलं नाही, दुकानदारांनी दुकानं बंद केली, लोकांनी कर्जं फेडली, भांडणं मिटवली. पांढरे झगे घालून डोंगरावर जाऊन बसले होते वगैरे जे सांगतात त्याला काही पुरावा नाही, ती चेष्टा करणाऱ्यांनी पसरवलेली गोष्ट आहे, बहुतेक लोक घरात किंवा सभागृहात प्रार्थना करत बसले होते. तो दिवस गेला आणि माणसं रात्रभर रडली.

आता शब्दांकडे या. 'संध्याकाळ-सकाळ' हे हिब्रूत एरेव बोकेर. बरेच अभ्यासक म्हणतात की ही मंदिरातली रोजची संध्याकाळची आणि सकाळची होमार्पणं आहेत, म्हणजे २३०० अर्पणं, म्हणजे ११५० दिवस, आणि हे सगळं ग्रीक राजा अंतिओख एपिफानेसने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचं मंदिर विटाळलं आणि १६४ मध्ये यहुदी बंडाचा पुढारी यहूदा मक्काबीने ते पुन्हा अर्पण केलं त्या काळाबद्दल आहे. हे मत मिलरच्या आधीपासून होतं. दुसरा शब्द 'शुद्ध होईल'. हिब्रूत इथे नित्सदक आहे, धातू सादक, म्हणजे नीतिमान ठरणं, न्याय मिळणं, पूर्ववत होणं. लेवीय १६ मध्ये शुद्धीसाठी जो धातू आहे तो ताहेर, वेगळाच. ग्रीक भाषांतराने दानीएलात 'शुद्ध होईल' असं घातलं, लॅटिनने तेच उचललं, किंग जेम्समध्ये तेच आलं, आणि त्यामुळे स्नोला इंग्रजीत दोन वचनांचा सांधा जुळलेला दिसला. हिब्रूत तो इतका सरळ जुळत नाही.

तिसरा शब्द पवित्रस्थान, आणि निराशेनंतर बदलला तो याचाच अर्थ. २३ ऑक्टोबरच्या सकाळी पोर्ट गिब्सनचा मिलरचा अनुयायी हायरम एडसन मक्याच्या शेतातून जाताना त्याला वाटलं की तारीख बरोबर होती, जागा चुकली, पवित्रस्थान पृथ्वीवरचं नाहीच, ते स्वर्गातलं, इब्री लोकांस पत्र ८ मध्ये सांगितलेलं. त्याचा सोबती ओ. आर. एल. क्रोझियरने १८४६ मध्ये हे सविस्तर लिहून छापलं. ही समजूत मानणाऱ्या छोट्या गटात एलन हार्मन ही मेनमधली तरुण मुलगी होती, लग्नानंतरची एलन व्हाइट, तिला होणारी दर्शनं आणि शनिवारचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, यांच्याभोवती गट वाढला आणि मे १८६३ मध्ये सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी अधिकृतपणे स्थापन झाली. आज त्यांचे सभासद दोन कोटींच्या वर आहेत. पुण्यातल्या लोकांना स्पायसर कॉलेज माहीत असतं, १९१५ मध्ये कोइम्बतूरला सुरू झालेलं आणि १९४२ मध्ये पुण्यात आलेलं, ते याच मंडळीचं, पण शनिवारी सुट्टी देणाऱ्या या कॅम्पसचा धागा १८४४ च्या त्या रात्रीपर्यंत जातो हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

मिलरने ही नवी समजूत कधी स्वीकारली नाही. तारीख काढण्यात चूक झाली हे त्याने उघड मान्य केलं, प्रभू लवकर येणार ही आशा मात्र धरून ठेवली, आणि डिसेंबर १८४९ मध्ये तो वारला. दानीएल ८:१४ चा प्रश्न पण मिटला नाही. डेस्मंड फोर्ड या अॅडव्हेंटिस्ट मंडळीतल्याच ऑस्ट्रेलियन विद्वानाने ९९१ पानांचा प्रबंध लिहून मांडलं की हे वचन संदर्भात वाचलं तर १८४४ त्यातून निघत नाही. ऑगस्ट १९८० मध्ये कोलोरॅडोतल्या ग्लेशियर व्ह्यू इथे शंभराहून जास्त लोकांसमोर त्यावर चर्चा झाली आणि त्यानंतर त्याची पाळकाची अधिकारपत्रं काढून घेतली गेली. मंडळीच्या बाजूचे अभ्यासक म्हणतात की सादक धातूचा पसारा मोठा आहे, न्याय मिळणं, पूर्ववत होणं आणि शुद्ध होणं हे तिन्ही त्यात बसतं, आणि दोन्हीकडचे लोक आजही त्याच एका क्रियापदावर लिहितायत.